कपाळावरचा भंडारा

हिंगणखडीत कोर्टकचेरीपेक्षा बेल-भंडाऱ्याला वजन जास्त. बांधाचं भांडण असो नाहीतर सोयरिकीतली फसवणूक, माणसानं बिरोबापुढं उभं राहून तळहातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेतला, "खोटं बोललो तर देव बघून घेईल" म्हटलं, चिमूट कपाळाला लावली, चिमूट जिभेवर ठेवली, की विषय संपला. गावात थापाडे पुष्कळ आहेत, नाही असं नाही. पण भंडारा उचलून थाप मारल्याचं अजून कुणाच्या ऐकिवात नाही.

म्हणून त्या दिवशी सकाळी अणुकाट्याची गाडी गावात आली तेव्हा गावानं गाडीतल्या बाईला आधी देवळात नेलं. बाई काही परकी नव्हे. पुजारी सिदूआबा कोळेकरांची धाकटी लेक वैजयंता, गावाची वैजू. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत अणू तोलायचं यंत्र, म्हणजे अणुकाटा, चालवायची. तिला भंडारा उचलायला लावा, ही मागणी तिच्या सख्ख्या भावानंच केली.

"माझी बहीण म्हणून सोडायची न्हाय," भिवा म्हणाला. "उद्या कुणी म्हणंल, कोळेकरांनी घरातच निकाल लावला."

गावाच्या खालच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायचा कारखाना होता. दोनेक वर्षांपासून गावातली पोरं सुकत चालली होती. पोटात कळा, तोंडावर पांढुरकेपणा, काल पाठ केलेलं आज आठवायचं नाही. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तर त्यात शिसं निघालं. भिवाची पोर रेवू, सहा वर्षांची, तिच्या रक्तात तर सगळ्यांत जास्त. भिवानं मग रान उठवलं, मोर्चे काढले, कारखान्याच्या फाटकासमोर मेंढरं बसवली. प्रकरण लवादापुढं गेलं आणि लवादानं आजकाल सगळीकडं सांगतात तेच सांगितलं: काट्यावर घाला. काटा जे म्हणेल ते दोन्ही बाजूंना मान्य.

सिदूआबांनी स्वतः लेकीच्या तळहातावर भंडारा ठेवला. कारखान्याचे मॅनेजर लाटकर यांनाही उचलायला लावला. त्यांना सवय नसल्यामुळं चिमूट घशात गेली आणि ते बराच वेळ खोकत राहिले. बाया पदराआड हसल्या. आबांनी वैजूच्या कपाळावर बोटभर रुंद पिवळा पट्टा ओढला आणि म्हणाले, "जा. खरं ते सांग."

गाडी शाळेच्या पटांगणात लावली होती. वैजू हातमोजे चढवत असताना बायाक्का म्हातारी काठी टेकत आली आणि दारातच बसली.

"वैजू, तू बघितलास व्हय गं तो अणू?"

"न्हाय आजी. तसा डोळ्यानं कुणीच न्हाय बघितला."

"मग हाय कशावरनं?"

म्हातारीचा प्रश्न काही वावगा नव्हता. वैजूला कॉलेजात हाच प्रश्न पडला होता, फक्त तिथं तो विचारायची लाज वाटली होती.

"आपला घाट उतरताना वळणावर भरलेला ट्रक कसा जातो?"

"भाईर फेकल्यावानी जातो की."

"आणि फटफटी?"

"ती आतनं काढत्यात."

"आता समज, तू एकबी गाडी बघितली न्हाईस. नंतर जाऊन नुसत्या धुळीतल्या चाकोऱ्या बघितल्यास. तरी सांगशील का न्हाय, जड काय गेलं अन् हलकं काय गेलं?"

म्हातारीनं विचार केला. "सांगीन की. त्यात काय."

"एवढंच करतो आमचा काटा," वैजू म्हणाली.

आणि ते खरंच होतं. अणू इतका बारका की आपण ज्या उजेडानं बघतो त्या उजेडाची लाट त्याच्यावरून तशीच निघून जाते, तिला तो सापडतच नाही. मग शास्त्रज्ञ बघायचा नाद सोडतात आणि त्याला वळणावर गाठतात. अणुकाट्यात नमुन्याची वाफ होते, एकेका अणूवरचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो. तसं केलं की अणू चुंबकाला बधतो. मग त्याला जोरानं चुंबकाच्या वळणावर सोडायचं. हलका आतून वळतो, जड बाहेर जातो, आणि पलीकडं कोण कुठं आपटला हे यंत्र मोजत बसतं.

शिशाचे अणू चार वजनांचे असतात. कुठल्या खाणीच्या शिशात कुठल्या वजनाचे किती, हे तो खडक किती जुना आणि त्यात युरेनियम-थोरियम किती होतं त्यावर ठरतं. एकदा ठरलं की ठरलं. ते शिसं वितळवा, रंगात घाला, पोराच्या रक्तात जाऊ द्या, प्रमाण तेच राहतं. मेंढरू कुठल्याही कळपात मिसळलं तरी कानाची खूण सांगते ते कुणाचं, तसंच. पूर्वी या कामाला खोलीभर यंत्र लागायचं. आता ते शिवणयंत्राएवढं झालं होतं आणि प्रत्येक जिल्ह्याला त्याची एक गाडी होती. त्यानं कितीतरी लबाड कारखाने बंद पाडले होते. लोक साक्षीदारापेक्षा काट्यावर विश्वास ठेवायला शिकले होते, आणि ज्यांच्या विरुद्ध काटा गेला ते लोक जगायचे कसे, हे विचारायला मात्र अजून कुणी शिकलं नव्हतं.

वैजूनं आधी कारखान्याच्या धुराड्यातली काजळी तोलली. मग पोरांचं रक्त. त्याच्या नळ्या डॉक्टरीणबाईंनी आधीच दवाखान्यात भरून मोहोरबंद केल्या होत्या; यंत्र बूच न उघडता सुईनंच आतलं घेई. त्यात कारखान्याच्या चौकीदाराच्या पोरीचीही एक नळी होती. बिहारकडचं कुटुंब, धुराड्याच्या पायथ्याशीच पत्र्याच्या खोलीत राहणारं.

शेवटी रिकामं वजन. म्हणजे नव्या नळीत नुसतं शुद्ध आम्ल घ्यायचं आणि नमुना म्हणून तेच तोलायचं. काही निघता कामा नये. निघालं तर समजायचं, आपल्याच हातानं कुठंतरी घाण झाली. अणू मोजणाऱ्यांचं सगळं शास्त्र या रिकाम्या वजनावर उभं असतं, कारण जे दिसत नाही ते आपणच तर आणून टाकलं नाही ना, हे दुसरं कसं कळणार?

रिकाम्या वजनात शिसं निघालं. थोडंथोडकं नव्हे, भरपूर.

यंत्रानं पडद्यावर विचारलं: रिकामं वजन नापास. आजच्या सर्व नोंदी रद्द करायच्या?

वैजूनं स्वतःला चार शिव्या हासडल्या. हातमोजे होते, टोपी होती, मग आलं कुठून? ती नळीवर वाकली आणि तिच्या डोळ्यांसमोरून पिवळा कण खाली आला, मोज्यावर पडला. तेव्हा तिचा हात कपाळाकडं गेला.

नियम तिला पाठ होता. काट्याजवळ जाताना चेहरा धुवायचा. पावडर नाही, कुंकू नाही, काही नाही. शहरातल्या गाडीत ती हा नियम दुसऱ्यांना ओरडून सांगायची. पण इथं आबांनी लावलेला भंडारा पुसायचा, तोही देवळाची पायरी उतरल्या उतरल्या, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. हिंगणखडीत जन्मलेल्या कुणाच्याच आलं नसतं.

ठीक आहे, चूक झाली, रद्द करून पुढच्या फेरीला पुन्हा करू, असं म्हणत तिनं बोट पुढं नेलं. आणि सहज पडद्यावरचे चार आकडे वाचले. मग पोरांच्या रक्ताचे आकडे वाचले. मग खुर्चीत बसली.

रिकाम्या नळीची आणि पोरांच्या रक्ताची खूण एकच होती.

कारखान्याच्या काजळीची खूण वेगळी. चौकीदाराच्या पोरीच्या रक्तात ती कारखान्याची खूण होती, शिसं बेताचंच. गावच्या पोरांच्या रक्तात मात्र कारखाना नावालाच. बाकी सगळं दुसऱ्याच खाणीचं. तिच्या कपाळावरच्या खाणीचं. आणि मोहोरबंद नळ्यांत कपाळावरचं काही पडणं शक्यच नव्हतं. तिनं नव्या मोज्यानं कपाळावरची चिमूट घेतली, वेगळ्या नळीत तोलली. आकडे हलले नाहीत. हळदीला झळाळी यावी म्हणून कुणीतरी तिच्यात शिशाचा पिवळा रंग कालवला होता.

आबा दररोज सकाळी रेवूला समोर उभं करायचे. ती जीभ बाहेर काढायची आणि आबा तिच्यावर चिमूटभर भंडारा ठेवायचे. पोरं सुकायला लागल्यावर तर गावातल्या सगळ्या आया देवळात रांग लावायला लागल्या होत्या. पोर जितकं सुकलं तितकी चिमूट मोठी. आणि आता बिरोबाची जत्रा तोंडावर आली होती, म्हणजे चिमटीचं काम संपून मुठीचं सुरू होणार.

वैजूनं मोजे काढले आणि बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली. सकाळची चिमूट अजून जिभेवर आहे असं तिला वाटत राहिलं.

भिवा बाहेर फेऱ्या घालत होता. तिनं त्याला आत घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यानं आधी ऐकून घेतलं, मग पडद्याकडं बघितलं.

"हे काय विचारतंय? रद्द करायचं का म्हणून?"

"व्हय. रिकामं वजन बिघडलं की दिवसच रद्द धरायचा, असा नियम हाय."

"मग कर की रद्द. नियमच हाय तर."

"दादा, पुन्हा गाडी यायला महिने जातील. जत्रा—"

"तू थांब." भिवानं आवाज खाली आणला. "त्या कारखान्याच्या काजळीनं माझी मेंढरं खोकून मेली, हे खोटं का? तो काय गावाला दूध पाजतोय? आज तू हे बाहेर बोललीस तर लाटकर उद्या पेढे वाटंल. कारखाना आणखी शंभर वरसं चालंल."

"काजळीचंबी मी लिहीन. चौकीदाराच्या पोरीचंबी लिहीन."

"बिहाऱ्याच्या एका पोरीसाठी कोण कारखाना बंद करतंय, येडे?" मग तो खरं ते बोलला. "आणि आबा? त्याच्या हातानं झालंय म्हणून सांगणार तू त्याला? म्हातारा जगंल व्हय?"

वैजूलाही तीच भीती होती, कारखान्याची नव्हे.

"रेवूचं मी गुपचूप बंद करतो," भिवा म्हणाला.

"आणि बाकीच्या पोरांचं?"

भिवा दार आपटून गेला.

वैजूनं पडद्याला हात लावला नाही. ती देवळात गेली. आबा जत्रेचा भंडारा चाळत बसले होते. पूर्वी जत्रेआधी हळकुंडं यायची आणि बाया देवळातच जात्यावर दळायच्या, ओव्या म्हणायच्या. मग बायांना सवड होईना, जत्रा वाढली, आणि आबा बाजारातून तयार पोती आणायला लागले. आबांची नजर मंद झाली होती. फिका भंडारा त्यांना दिसतच नसे, म्हणून व्यापाऱ्यानं उघडून दाखवलेल्या पोत्यांतलं सगळ्यांत पिवळंधमक ते निवडायचे. देवाचं आहे, उणं कशाला?

वैजू त्यांच्यासमोर बसली आणि एका दमात बोलून टाकलं. रेवूचं नावही घेतलं. मधे थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं.

आबांची चाळणी चालूच राहिली.

"हे तुला दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसत न्हाय आबा. तोलून कळतं."

"मी जल्मभर न दिसणाऱ्या देवाची पूजा केली. तू न दिसणाऱ्या अणूचं सांगतीस. म्या कुणाचं धरू?"

"देवाचं माझं काय भांडण न्हाय. माझं भांडण पोत्याशी हाय."

चाळणीतून पिवळी धूळ पडत राहिली, आबांच्या मांडीवर, पायांवर. मग म्हणाले, "गाव जमलंय. जे हाय ते गावापुढं सांग. भंडारा उचललायस तू."

त्यांनी मानलं की नाही, हे तिला कळलं नाही.

ती गाडीत गेली, पडद्यावर "रद्द नको" दाबलं, खाली रिकामं वजन का बिघडलं त्याचं कारण स्वतःच्या नावानिशी लिहिलं आणि नोंद लवादाकडं पाठवून दिली. एकदा गेलेली नोंद परत येत नाही. मग ती देवळाच्या ओवरीत उभी राहिली. सगळं गाव बसलं होतं. लाटकर खुर्चीवर होते.

तिनं सांगितलं. कारखान्याचं शिसं कुणाच्या रक्तात आहे, गावच्या पोरांच्या रक्तात कुठलं आहे, ते कुठून आलं. कुणी अडवलं नाही. बोलणं संपल्यावर मागून एक बाई म्हणाली, "कितीला इकली गं ही?"

त्यानंतर एकच कालवा झाला. देवाला विष म्हणते, स्वतःच्या बापाला खुनी ठरवते. लाटकर उठून काहीतरी बोलायला लागले, त्यांना कुणीतरी खांद्याला धरून खाली बसवलं. भिवा गाभाऱ्यातून भंडाऱ्याचं ताट घेऊन आला आणि बहिणीसमोर धरलं.

"उचल," तो म्हणाला. "आमच्यात खरं-खोटं असंच ठरतं. मूठभर खा आणि म्हण, की तू बोललीस ते खरं हाय."

वैजूनं ताटाकडं बघितलं. खाल्लं तर विष नाही हे तिनंच दाखवून दिलं असतं. नाही खाल्लं तर ती खोटी.

"सकाळी उचललाय मी," ती म्हणाली. "तीच शपथ पाळतीय, दादा. पुन्हा न्हाय खाणार. आणि तूबी खाऊ नगंस."

"बघा," भिवा गावाकडं वळून म्हणाला, "भीती वाटती तिला." त्याचा आवाज चिरकला. संताप होता की रडू, त्याचं त्यालाच माहीत. त्यानं अख्खं ताट तिच्यावर उधळलं.

भंडारा उडाला की हिंगणखडीतली पोरं जे करतात तेच रेवूनं केलं. ती आईच्या मांडीवरून उठली, जत्रा सुरू झाली असं समजून हसत पिवळ्या धुळीत धावली आणि तोंड वर करून जीभ बाहेर काढली.

"रेवू!"

ओरडले ते सिदूआबा. एवढ्या वर्षांत गावानं त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. म्हातारा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून धडपडत आला आणि त्यानं नातीच्या तोंडावर तळहात धरला. लगेच चटका बसल्यागत काढून घेतला. तळहात पिवळा होता. मग त्यांनी धोतराचा सोगा धरला, तोही पिवळा. उपरणं ओढलं, तेही तसंच. म्हाताऱ्याच्या अंगावर बोटभर जागा कोरी नव्हती. शेवटी त्यांनी वाकून आपल्या पाठीचा आडोसा केला आणि वरून पडणारा देवाचा भंडारा स्वतःवर घेत राहिले.

"पाणी आणा," ते म्हणाले. "तोंड धुवा पोरीचं. अरं कुणीतरी पाणी आणा."

बिरोबाचा पुजारी पोराला भंडाऱ्यापासून वाचवतोय, हे दृश्य डोक्यात शिरायला गावाला वेळ लागला. सगळ्यांत आधी उठली ती रेवूची आई. तिनं देवळाच्या रांजणातून कळशी बुडवली आणि पोरीच्या तोंडावर, डोक्यावर ओतली. मग आणखी एक बाई उठली. मग आपापल्या पोरांना बखोटीला धरून बऱ्याच जणी रांजणाकडं गेल्या. ओवरीत पिवळं पाणी वाहायला लागलं.

सगळ्यांनी काही मानलं नाही. निम्मं गाव अजून वैजूशी बोलत नाही. कारखान्यानं पेढे वाटले, ते भिवानं म्हटलं होतं तसंच झालं. फक्त चौकीदाराच्या पोरीची नोंद लवादाकडं गेली आहे, तिचं काय होतं ते बघायचं. जत्रा भरली. बायांनी जाती धुऊन हळकुंडं दळली. भंडारा फिका निघाला, आणि बाहेरगावच्या पुष्कळ लोकांनी आपापला झळझळीत भंडारा सोबत आणला होता. त्यांना कोण अडवणार?

जत्रा झाल्यावर वैजूनं रेवूच्या रक्ताची नळी जिल्ह्याला नेऊन पुन्हा तोलली. थोडं उतरलं होतं. पण शिसं हाडांत जाऊन बसतं, तिथून निघायला वर्षं लागतात, आणि जे मेंदूचं व्हायचं ते झालेलं असतं. आबांनी विचारलं तेव्हा तिनं हे लपवलं नाही. हल्ली ते जेवायला बसतात आणि ताट तसंच सारतात.

हे सांगून ती शहराला परत निघाली त्या सकाळी आबा ओसरीवर बसले होते. रेवू झोपेतून उठून डोळे चोळत आली, सवयीनं त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिनं जीभ बाहेर काढली. आबांचा हातही सवयीनं कमरेच्या पिशवीकडं गेला. पिशवी नव्हती. चिमूट तशीच हवेत राहिली.

"आबा, दे की," रेवू म्हणाली, आणि पुन्हा जीभ काढून वाट बघत उभी राहिली.